कॉम्प्युटरला लावलेली खळ

नागपूर,
नवतपाचे नऊ दिवस सरल्यानंतरचा पहिला रविवार

आदरणीय संजीवभाऊ आणि सौ. अंजूवहिनी यांना जागेश्वरचा दोन्ही हात जोडून रामराम. घरातल्या लहानमोठ्यांना ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे नमस्कार आणि आशीर्वाद वाटून द्यावेत. कमी पडले तर कळवा, आणखी पाठवतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (हे वाक्य गेल्या पंधरवड्यात मला लिहिता आलं नसतं, म्हणून आज जरा ठळक अक्षरात लिहिलं आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? कंपनीत दिवसभर उभ्यानं काम असतं असं पुष्पा सांगत होती. वहिनींचे शेवयांसारखे सरगुंडे वाळून डब्यात गेले असतील, आणि यंदाही एक डबा आमच्या नावाचा बाजूला ठेवला असेल असं मी धरून चालतो. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. तर फोनवर तुम्ही ‘हो, हो, पाहू’ म्हणता आणि नेमकी तेव्हाच तुमची रेंज जाते. पत्राची रेंज जात नाही. शिवाय कळमेश्वरच्या गाडीवर आमचा ताराचंद अजून कंडक्टर आहे. तो हे पाकीट तुमच्या हातात देईल आणि ते तुम्ही त्याच्यासमोर फोडलं की खिशात घातलं, याचा रिपोर्ट मला येऊन देईल.

तर पहिली आणि मोठी बातमी ही, की आपला जुना कॉम्प्युटर जिवंत आहे आणि तुमच्या बाबांच्या हातचा साडीचा काठ सापडला आहे. आधी बातमी सांगून टाकली, कारण मी कंडक्टर माणूस. गाडी कुठे जाणार ते पाटीवर आधीच लिहिलेलं असावं, मग प्रवाशांनी रस्त्यात खुशाल झोपावं. पण तुम्ही झोपू नका. हा काठ सापडेपर्यंत आमच्या घरात जे जे झालं ते तुम्हाला कळलंच पाहिजे, कारण त्यातलं थोडंफार तुमच्यामुळे झालं आहे.

आमच्या काजलच्या साक्षगंधाच्या दिवशीचं तुम्हाला आठवत असेल. (वहिनी त्या वेळी स्वयंपाकघरात होत्या, म्हणून त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.) जेवणं झाली, पानं वाटली, आणि लग्नात मामाकडून येणाऱ्या पिवळ्या साडीचा विषय निघाला. तुम्ही मोठ्या मनानं म्हणालात की धरमपेठेतल्या मोठ्यात मोठ्या दुकानात पोरीला नेतो, ती बोट दाखवील ती साडी घेतो. त्यावर काजल हळूच म्हणाली, ‘मामा, मले आजोबाचा चिमणीचा काठ पाहिजे.’ बाबांचा तो काठ, करवतीच्या दातादातावर एकेक चिमणी बसलेली, शेवटचा आईंच्या साडीवर होता आणि ती साडी आई गेल्या तेव्हा त्यांच्या अंगावरच गेली. तुम्ही म्हणालात, ‘बेटा, मी मागावर बसणं सोडून दिलं. काठ असता तर विणलाही असता, पण तो आता कुठून आणू? नक्षीचा कागदच वाळवीनं खाऊन टाकला.’ बोलून तुम्ही हात धुवायला गेलात. जेवण होऊन बराच वेळ झाला होता, हात आधीच धुतलेले होते, हे माझ्या लक्षात आलं होतं. पाहुणे गेल्यावर पोरगी तुमच्या मागाजवळ जाऊन उभी राहिली. (तुमचा माग आमच्या हॉलमध्ये ‘थोडे दिवस’ ठेवला आहे हे तुम्ही विसरला नसाल. त्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो, तक्रार काही नाही.)

तेव्हा मला त्या कॉम्प्युटरची आठवण झाली. विणकरांच्या गटाला प्रशिक्षणात तो मिळाला होता, आणि शिकवायला आलेल्या मुग्धा मॅडमनं बाबांजवळ बसून त्यांचा काठ चौकटी-चौकटीनं त्यात भरून घेतला होता. बाबा बिडी विझवून, नवरदेवासारखे नवा सदरा घालून बसायचे. पुढे गट मोडला आणि कॉम्प्युटर आपल्याकडे आला. अडचण अशी की तो काठ फक्त त्या एका प्रोग्रामात उघडतो, आणि तो प्रोग्राम फक्त त्या डब्याच्या पाठीला एक कुलूप खोचलं असेल तरच चालतो. कुलूप म्हणजे आगपेटीएवढा प्लास्टिकचा तुकडा. तो खोचायचं भोक आजच्या कुठल्याच कॉम्प्युटरला नाही. मी बर्डीवर दोन-तीन दुकानांत विचारून आलो. एकानं सांगितलं, ‘काका, भंगारात टाका.’ दुसऱ्यानं तेच हिंदीत सांगितलं. म्हणजे हा डबा चालला तर काठ, नाही तर नाही, असा सरळ हिशोब होता.

मी मागाशेजारच्या कोपऱ्यातून डबा ओढला, वरचं पांघरूण झटकलं, बटण दाबलं, आणि काय सांगू, तो सुरू झाला! पुष्पानं त्याला हळद-कुंकू लावलं. आम्ही प्रोग्रामाचं चित्र शोधतो आहोत तोवर खट्ट करून बंद. पुन्हा चालू केला तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत लिहून आलं की मी फार तापलो होतो म्हणून बंद झालो. भाऊ, मी नोकरी केली ती उन्हाळ्यात उकळणाऱ्या गाड्यांवर केली. गाडी तापली की ड्रायव्हर बोनेट उघडतो, प्रवासी खाली उतरून सावलीला उभे राहतात आणि एक शहाणा सगळ्यांना कारण सांगतो. इथे शहाणा मीच होतो. पुष्पानं मात्र वेगळं निदान केलं. ‘त्याले ऊन लागलं असंन, पश्चिमेची भिंत हाय नं ती,’ असं म्हणून तिनं एक कांदा आणून डब्यावर ठेवला आणि शेजारी पन्ह्याचा पेला. मी हसलो. पण खरं सांगतो, कांदा ठेवल्यावर तो पहिल्यापेक्षा जास्त वेळ चालला, त्यामुळे मी कांदा काढला नाही. पन्हं मात्र मी स्वतः पिऊन टाकलं, नाही तर तिचा काही भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी कूलर आणला. नागपूरचा माणूस कुठल्याही संकटात आधी कूलर सरकवतो, हे तुम्ही जाणता. खस बदलली, पाणी भरलं, डब्याच्या एका बाजूचा पत्रा काढला आणि कूलरचं तोंड थेट त्याच्या पोटाकडे केलं. आम्ही तिघं घामानं निथळत होतो आणि तो पठ्ठ्या खसच्या वासात गार बसला होता. (शेजारच्या कामिनीबाई डोकावून म्हणाल्या, ‘जवाई आले काय वं?’) चालला छान. प्रोग्रामाचं चित्र दिसलं, मी त्यावर बाण नेला, आणि कूलरनं एक पिचकारी मारली. थेंब नेमके कुठे गेले ते दिसलं नाही, पण मी एवढ्या जोरानं प्लग ओढला की भिंतीचं सॉकेट हातात आलं. सुकवायला दिवस गेला. त्यात एकदा मला वाटलं, ही तापल्यावर बंद व्हायची भानगडच काढून टाकावी. सुरुवातीच्या निळ्या पानावर तसं एक कलम आहे, किती तापल्यावर बंद व्हायचं किंवा व्हायचंच नाही. माझं मन झालं होतं की व्हायचंच नाही असं करावं. पण किबोर्डवरची खाली जायची कळ अडकलेली निघाली आणि मी त्या कलमापर्यंत पोचूच शकलो नाही. ती कळ काजलच्या लहानपणी सांडलेल्या दुधानं अडकली होती. त्या दुधाचे उपकार मी अजून विसरलो नाही, नाही तर पुढे जे झालं त्यात हा डबा जळून त्याची राखच झाली असती.

पुढे झालं ते असं. मी स्क्रू काढून आतला पंखा उचलला. पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक ठोकळा असतो, त्या पात्यांतून हवा जाऊन तो थंड राहतो. आमच्या पात्यांतून हवा काय, सुईसुद्धा गेली नसती. तिथे कापसाची अक्षरशः गादी तयार झाली होती. पिवळी, जांभळी, हिरवी, थरावर थर. पुष्पानं ती नखानं उचलली आणि पाहताच म्हणाली की हा जांभळा दादाचा, ही हिरवी त्या लग्नसराईची. भाऊ, ती तुमच्या मागाची रुई! तुम्ही वर्षानुवर्षं आमच्या हॉलमध्ये साड्या विणल्या, पैसे व्यापाऱ्यानं नेले, साड्या बायांनी नेल्या, आणि जे उरलं ते या डब्यानं श्वासाबरोबर आत ओढून जपून ठेवलं. मी चिडायला पाहिजे होतं. पण पुष्पानं ती गादी फेकली नाही, डबीत ठेवली, म्हणून मीही चिडलो नाही.

आता खरं सांगायचं ते सांगतो, हसायचं असेल तर हसून घ्या. ठोकळा उचलला तर त्याच्या खाली चिपवर पांढरं, वाळलेलं, पापुद्रे सुटलेलं काहीतरी होतं. कोष्ट्याच्या घरचा जावई आणि स्वतःही कोष्टीच. पांढरं वाळलेलं काही दिसलं की आम्हाला दुसरं काय आठवणार? मी बोटानं खरवडलं, चुरून पाहिलं, आणि छातीठोक सांगितलं की ही खळ आहे. पाजणीची, सूत कडक करायला लावतात ती तांदळाची खळ. बाबांनीच कधीतरी ताण्याच्या उभ्या सुताला लावता लावता इथेही लावली असेल, आतलं सूत सुटू नये म्हणून. (आत सूत नाही, हे मला ठाऊक होतं. पण बाबांनी केलं म्हणजे काही विचार असणारच, असं आपल्या घरी सगळेच धरतात.) पुष्पानंही मान डोलावली. मग काय, तिनं तांदूळ भिजवले, वाटले, मंद आचेवर छान घोटून खळ केली, गुठळी एक नाही. मी मागाजवळचा जुना कुंचा धुतला, चिपवर व्यवस्थित एकसारखा हात फिरवला, ठोकळा बसवला, पंखा घट्ट केला. सासऱ्याच्या हाताची बरोबरी केल्याचं समाधान मला तुमच्या घरचा जावई झाल्यापासून पहिल्यांदा मिळालं.

डबा सुरू झाला. थोड्या वेळात घरात वास सुटला. आधी पेजेचा, मग थालीपिठाचा, मग तव्यावर विसरलेल्या थालीपिठाचा. पुष्पा गॅस पाहून आली, गॅस बंद होता. तेवढ्यात खट्ट. डबा आपला आपण बंद झाला आणि फटीतून धुराची एक बारीक रेघ वर गेली. काजल ऑफिसातून नुकतीच आली होती आणि पर्स खांद्यावर ठेवूनच दारात उभी होती. तिनं पुढे येऊन फक्त खिडकी उघडली.

मग मी मुकुंदरावांना बोलावलं. तुम्ही त्यांना ओळखत नाही. धरमपेठेत राहतात, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, माझ्या गाडीला रोजचे प्रवासी होते आणि तिकीट काढताना मला व्याकरण शिकवायचे. त्यांच्या कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याची पूजा यांच्या हस्ते झाली होती, तेव्हापासून ते स्वतःला त्या विषयातले जाणकार समजतात, आणि आहेतही थोडेसे. त्यांनी ठोकळा उचलला, वाकून वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दिलेलं तिकीट मागच्या महिन्याचं निघालं. ‘जागेश्वरराव, हे काय लावलंत?’ मी म्हटलं, ‘खळ.’ ते म्हणाले, ‘पदार्थ उत्तम झाला आहे, पण तो इथे लावत नाहीत.’ ती पांढरी वस्तू उष्णता ओढून घ्यायची पेस्ट असते, बर्डीवर ट्यूबमध्ये मिळते, आणि तापल्यावर बंद होण्याची सोय चालू नसती तर चिप केव्हाच गेली असती, हे त्यांनी मला शुद्ध भाषेत समजावलं. चिप वाचली होती! मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. तेही संकोचून वाकले आणि आमची डोकी आपटली.

त्यांनी सगळं खरवडून पुसलं, पेस्ट लावली, पंख्याला तेल दिलं. डबा गार राहू लागला. इथे थांबले असते तर हे पत्र निम्मंच झालं असतं. पण मुकुंदराव कामाचा माणूस. त्यांना आत घड्याळाची बटणाएवढी जुनी बॅटरी दिसली. आलोच आहोत तर हीही बदलू, म्हणून त्यांनी ती बदलली. आणि त्यानंतर डबा चालू केला की अर्ध्या वाटेत निळा पडदा यायचा. सगळीकडे इंग्रजी, आणि तात्पर्य असं की मला डिस्क सापडत नाही. आधी गरम होऊन बंद पडायचा, पण निदान घर ओळखायचा. आता थंड डोक्यानं बसून म्हणायचा की माझ्या पोटात डिस्कच नाही. आणि बाबांचा काठ त्या डिस्कवरच. मी एकदा पडद्याला म्हटलंसुद्धा की अरे बाबा, आहे ती, नीट पाहा.

मुकुंदरावांचं म्हणणं असं पडलं की विंडोज बिघडलं. जुनं काही पुसू न देता ते वरूनच पुन्हा बसवावं लागेल. बसवायला सीडी घातली, तर सीडीसुद्धा म्हणे डिस्क दिसत नाही. तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि जुना मंत्र आठवावा तसं म्हणाले, ‘एफ सहा.’ सीडी सुरू होताना पडद्याच्या तळाशी क्षणभर एक ओळ येते, तेव्हा एफ सहाची कळ दाबायची, म्हणजे डिस्कचा ड्रायव्हर आम्ही देतो असं त्याला कळतं. (मी म्हटलं, ड्रायव्हरशिवाय गाडी निघणारच नाही, हे मला पहिल्या दिवशीच विचारायला पाहिजे होतं.) पण तो ड्रायव्हर पेनड्राइव्हवर चालत नाही, सीडीवर चालत नाही. त्याला फ्लॉपीच लागते.

भाऊ, आज नागपुरात फ्लॉपी मागून पाहा. इतवारीत एकानं मला औषधाच्या दुकानात पाठवलं. बर्डीवर एका दुकानदारानं सगळ्या नोकरांना बोलावून मी काय मागतो आहे ते मला पुन्हा म्हणायला लावलं. कन्हानला ताराचंदच्या साडूचा जुना कॅफे होता, तिथवर जाऊन आलो. तिथे आता चिकन सेंटर आहे. आमच्या डब्याला फ्लॉपीची फट शाबूत होती (आतून एक जुनी लग्नपत्रिका आणि दोन राख्या निघाल्या), पण तिच्यात घालायला काही नाही. शेवटी मुकुंदराव म्हणाले, ‘माझ्याकडे आहेत.’ एवढे दिवस का बोलला नाहीत, हे मी विचारलं नाही. त्यांच्या घरी एक स्टीलचा डबा, त्यात नॅप्थलीनच्या गोळ्या आणि फ्लॉप्या. त्यांच्या लॅपटॉपला जोडायच्या फ्लॉपी-ड्राइव्हमध्ये एकेक घालून पाहिली, सगळ्यांना बुरशी. एकच चांगली निघाली, आणि तिच्यात त्यांच्या निरोप समारंभाचं भाषण होतं.

ते पुसल्याशिवाय ड्रायव्हर मावत नव्हता. सुरुचीवहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, म्हणाल्या की पुसा खुशाल, ते मला पाठ आहे. मुकुंदराव म्हणाले की पुसण्याआधी कोणीतरी एकदा पूर्ण ऐकावं. त्या दिवशी समारंभात साहेबांना दौऱ्याची घाई होती, म्हणून मुकुंदरावांना दुसऱ्याच परिच्छेदावर थांबवलं होतं. मग आम्ही सगळे बसलो. मी, पुष्पा, काजल, सुरुचीवहिनी. मुकुंदराव उभे राहिले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात टेबलांचे, पंख्यांचे, शिपायांचे, एका मांजराचेही आभार होते. मला दोनदा डुलकी आली, पुष्पानं दोन्ही वेळा कोपर मारलं. पण शेवटी आम्ही मनापासून टाळ्या वाजवल्या. काजल तर उभी राहिली. त्यांनी चष्मा पुसला आणि स्वतःच्या हातानं ते भाषण पुसून टाकलं. भल्या माणसाचं मोल मी, ते गाडीत कधी सुट्टे पैसे देत नसत त्यावरून करत होतो, तर चुकलोच.

मग आमच्या घरी ती सीडी, ती फ्लॉपी, आणि ती ओळ. ओळ दिसते न दिसते तोच कळ दाबायची. पहिल्यांदा मी दाबली, उशीर झाला. मुकुंदरावांनी दाबली, त्यांनी आधी ओळ पूर्ण वाचली. मग पुष्पानं आम्हा दोघांना बाजूला केलं, पदर खोचला आणि ओळीची वाटच न पाहता सुरुवातीपासूनच कळ दाबत बसली. फ्लॉपी घरघरली. त्या आवाजावर काजलनं माझा हात धरला. आणि पडद्यावर डिस्कचं नाव आलं! जुनं काही न पुसता दुरुस्ती करायचं ते कलम मुकुंदरावांनी मोठ्यानं वाचलं, मी मोठ्यानं वाचलं, काजलनं मोठ्यानं वाचलं, आणि मगच होकार दिला. मधल्या वेळात कोणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. कूलर मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवला होता.

आणि काठ उघडला. पाठीला कुलूप खोचलेलं, प्रोग्राम चालू, आणि चौकटीचौकटीत करवतीचे दात, दातावर चिमणी, चिमणीच्या शेपटीला बाबांची खूण असलेली ती वाकडी चौकट. पुष्पानं पडद्याला हात लावला आणि रडायला लागली. मीही रडलो, लपवत नाही. तुमच्या बाबांचं आणि माझं काही फार पटत नव्हतं, त्यांना कंडक्टर जावई नको होता, पण त्या दिवशी ते घरात आल्यासारखे वाटले आणि मी नकळत खुर्चीवरून उठलो. आता काठाचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत, चौकटी मोजून कागदावरही उतरवल्या आहेत, घरच्या ग्रुपवरही टाकले. (त्यावर तुमच्या चुलतबहिणीनं, श्वेतानं, ‘सुप्रभात’ आणि गुलाबाचं फूल पाठवलं. तुमचा फक्त अंगठा आला.) आता पुन्हा वाळवी येवो की खळ, काठ कुठे जात नाही. इतका हलका मी रिटायर झालो त्या दिवशीही झालो नव्हतो. तापल्यावर वेळेत बंद होण्याच्या त्या सोयीला मी आता रोज मनातल्या मनात नमस्कार करतो.

एवढंच सांगायचं होतं. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा, उन्हात टोपी घाला. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

आपला,
जागेश्वर

ता. क. काल होणाऱ्या जावयाला, वैभवला, सगळा किस्सा फोनवर सांगितला. तो शांतपणे म्हणाला, ‘बाबा, बॅटरी बदलली म्हणून डबा आपल्या जुन्या सेटिंगा विसरला. दुसरा किबोर्ड लावून सुरुवातीच्या त्या निळ्या पानावर डिस्कच्या समोरचा एक शब्द बदलला असता तरी डिस्क दिसली असती.’ फ्लॉपी लागतच नव्हती. हे मुकुंदरावांना कधीही, कोणीही सांगायचं नाही.

दुसरा ता. क. सहज आठवलं म्हणून लिहितो. काठ असता तर विणला असता, कागदच नाही, असं तुम्ही साक्षगंधात चारचौघांत म्हणालात. आता काठ आहे. मागावरचे टॉवेल काढले आहेत, पिवळं सूत आणलं आहे, उमरेडहून तुमचे जुने गडी ताणा लावून द्यायला तयार आहेत. लग्न तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे रविवार भरपूर पडतात. सकाळची गाडी ताराचंदचीच आहे, त्याला सांगून पुढची जागा धरली आहे. धरमपेठेचं दुकान कुठे पळून जात नाही.

तिसरा ता. क. (पेन पुष्पानं ओढून घेतलं आहे.) दादा, यायनं एवढं मोठं पत्र लिहिलं, पण खरं मी सांगते. काल मी काजलले विचारलं, काहून वं, तुले चिमणीचाच काठ काहून पाहिजे होता? तुले तं आजोबा नीट आठवतही नाहीत. तं म्हणते, आई, काठ कोणताही चालला असता. पण दुसरा कोणता म्हटला असता तं मामानं दुकानातून आणून देल्ला असता. चिमणीचा कोणत्याच दुकानात भेटत नाही, म्हणून मी तोच मांगितला. म्हणते, साडी अर्धीच झाली तं अर्धीच नेसंन, पण मामाच्या हातची नेसंन. दादा, तू येजो.